वाकळीसाठी रोटरी कटर वापरताय? गोल पात्याला घरी धार लावायची पद्धत

रोटरी कटर म्हणजे मुठीला फिरतं गोल पातं बसवलेलं, कापड कापायचं अवजार. त्याची सवय लागली की सरळ पट्ट्या कापायला कात्री घ्यावीशी वाटत नाही. चार पदर सुती कापड, वर अ‍ॅक्रिलिकची जाड फूटपट्टी, एकच ढकल, आणि चारही पट्ट्या एका मापाच्या. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हे अवजार आणलं ते कपडे शिवणाऱ्यांसाठी, पण ते खऱ्या अर्थाने उचललं गोधडीवाल्यांनी. आता आपल्याकडे ठिगळांच्या नक्षीची वाकळ विकायला करणाऱ्या बायका आणि बचत गटही ते वापरतात.

अडचण सुरू होते ती पातं धागे सोडायला लागल्यावर. मग आपण जोर लावतो, मनगट भरून येतं, कापडाखाली ठेवायच्या कटिंग मॅटवर चरे पडतात आणि फूटपट्टी सरकून माप चुकतं. नवीन पातं कोल्हापुरात हवं तेव्हा, हव्या त्या मापाचं मिळेलच असं नाही, बऱ्याचदा ऑनलाइन मागवावं लागतं. म्हणून आहे त्या पात्याची धार परत आणता आली पाहिजे. त्यासाठी लागणारं सगळं सामान आपल्या गावात मिळतं, आणि काही बाबतीत इतर गावांपेक्षा चांगलं मिळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘धार गेली’ म्हणून बाजूला पडलेली बरीचशी पाती मुळात बोथट नसतात. त्यांच्यावर मळ चढलेला असतो, स्क्रू आवळलेला असतो किंवा दोष मॅटचा असतो. दोष न ओळखता घासायला बसलात तर चांगलं पातं हाताने खराब कराल. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. मधेच काम भागलं तर तिथेच थांबा.

१. आधी दोष कुठे आहे ते शोधा

एक पदरी सुती कापडाचा, हातभर लांबीचा तुकडा घ्या. नेहमीच्या हलक्या जोराने सलग एक रेघ कापा आणि धागे कुठे कुठे सुटलेत ते बघा.

पातं गोल फिरतं, त्यामुळे त्यावरची एखादी खाच प्रत्येक फेरीला एकदा कापडावर येते. ४५ मिलिमीटरच्या पात्याचा परीघ सुमारे १४ सेंटिमीटर भरतो. धागे बरोबर दर १४ सेंटिमीटरला सुटत असतील तर पात्यावर एकाच जागी खाच आहे. २८ च्या पात्याला हे अंतर सुमारे ९ सेंटिमीटर, आणि ६० च्या पात्याला सुमारे १९. टेप लावून मोजाच, नुसत्या नजरेने फसायला होतं.

आता कापड मॅटवर थोडं सरकवून पुन्हा कापा. मॅटच्या त्याच जागेवर धागे राहत असतील तर पात्याचा काही दोष नाही. तिथे मॅटवर चर पडला आहे आणि पातं त्यात उतरतंय. आणि अंतराचा काही मेळ नसताना सगळीकडेच धागे ओढले जात असतील, तर एक तर मळ आहे किंवा धार खरोखर गेली आहे.

दुसरी खूण उजेडात दिसते. पातं दिव्याखाली धरून हळूहळू फिरवा. तीक्ष्ण कडेवर उजेड थांबायला जागा नसते, म्हणून ती दिसतच नाही. जिथे कड चमकते, बारीक पांढरा ठिपका किंवा रेघ दिसते, तिथे धार बसली आहे, म्हणजे बोथट झाली आहे. ठिपका अगदी बारीक असेल तर तो निघतो. नखाएवढा तुकडा उडालेला दिसत असेल तर त्या पात्यावर मेहनत घेऊ नका.

२. कोणत्या पात्याच्या वाटेला जाऊ नये

नागमोडी किंवा दातेरी कडेची पाती घरी होत नाहीत. १८ मिलिमीटरचं पातं इतकं लहान असतं की ते धरून घासणंच धोक्याचं. सोनेरी थर दिलेली पाती घासली की कडेवरचा थर निघून जातो, ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच जातं. आणि गंजाने खड्डे पडलेलं पातं पुसून कितीही चकचकीत दिसलं तरी ते धागे ओढणारच.

राहिली साधी ४५ आणि ६० ची पाती. खालची सगळी पद्धत त्यांच्यासाठी आहे.

३. सामान

- वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, १५०० आणि २००० नंबरचा. रंगाच्या दुकानात मिळतो, गाड्यांना रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्यांकडे असतो, उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, तर कुठेही. लाकडाला लावायचा भुरा पॉलिश पेपर चालत नाही, तो फार खरबरीत असतो.
- घरात उरलेली गुळगुळीत फरशी किंवा व्हिट्रिफाइड टाइलचा तुकडा. बसका आणि सपाट हवा.
- पात्याच्या भोकात नीट बसेल असा लांब बोल्ट, एक नट आणि दोन वायसर. पातं सोबत घेऊन जा आणि हार्डवेअरच्या दुकानात तिथेच बसवून बघा.
- पर्मनंट मार्कर, शिलाई मशीनचं तेल, मऊ सुती फडकं, थोडा कापूस.
- चामड्याचा तुकडा, वीतभर लांब, आणि तो चिकटवायला लाकडी फळी.
- पॉलिशची हिरवी वडी, बफिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते ती.
- एक लोहचुंबक आणि कापलं न जाणारे हातमोजे. हे दोन्ही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चामड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. इतर ठिकाणचे लोक यासाठी खास चामडं शोधत बसतात. आपल्याकडे सुभाषनगर, जवाहरनगरात चपला करणाऱ्यांकडे कातरणीतले तुकडे पडलेले असतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं. ते घट्ट आणि ताठ असतं, दाबलं तरी फारसं दबत नाही. धारेवर शेवटचा हात फिरवायला असंच चामडं लागतं. पर्स किंवा जाकिटाचं मऊ चामडं पात्याखाली फुगून वर येतं आणि धार गोल करून टाकतं. तुकडा मागताना तेल न लावलेला मागा, आणि तळव्याचा जाड मागा. कशासाठी हवा ते सांगितलंत तर कारागीर स्वतःच योग्य तुकडा काढून देतात. त्यांची रापी, म्हणजे चामडं कापायचं अवजारही अशाच धारेवर चालतं, त्यामुळे त्यांना हे पटकन कळतं.

४. कटर उघडा, पुसा, तेल द्या

उघडण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. नट, वाकडा वायसर, दांडा, पातं, संरक्षक झाकण, बोल्ट, जे ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने फडक्यावर मांडत चला. वाकडा वायसर उलटा बसला तर पातं एक तर लटपटतं किंवा घट्ट अडकतं, आणि आपण धारेला दोष देत बसतो.

पातं बोटांनी चिमटीत उचलू नका. लोहचुंबक पात्याच्या मध्यावर टेकवा आणि उचला. पुसताना नेहमी मध्याकडून कडेकडे पुसा, कडेवरून गोल गोल नको.

झाकण आणि पातं यांच्यामध्ये बघाल तर करड्या लोकरीसारखा मळ दाबून बसलेला दिसेल. कापडाचे तंतू, तेल आणि धूळ. जुन्या साड्या कापणाऱ्यांच्या कटरमध्ये हा भरपूर असतो. तो काढून टाका, पात्याच्या झाकणाकडच्या बाजूला मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या, पसरवा, जास्तीचं पुसून घ्या. मग जोडा. नट इतकाच आवळा की पातं मॅटवर ओढलं की सहज फिरेल. न फिरणारं पातं कापड कापत नाही, ते एकाच बिंदूवर घासत राहतं आणि तिथेच बसतं.

आता पहिल्या पायरीतली चाचणी पुन्हा करा. निम्मी पाती इथेच मार्गाला लागलेली दिसतील, असं मी छातीठोकपणे सांगते.

५. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं खरं-खोटं

पोळ्या गुंडाळायची फॉइल सात-आठ पदरी घडी करून तिच्यावरून कटर फिरवला की धार येते, असं सगळीकडे सांगितलं जातं. ॲल्युमिनियम पात्याच्या पोलादापेक्षा बरंच मऊ आहे, ते पोलाद घासू शकत नाही. चिकटलेला मळ निघतो आणि कडेवरचा अगदी बारीक मुडपलेला भाग थोडा सरळ होतो, एवढंच. त्यामुळे काम अडलं असताना दोन-चार पट्ट्या निघण्यापुरता हा उपाय ठीक आहे. बोथट पातं त्याने तीक्ष्ण होत नाही.

६. वॉटर पेपरवर धार लावणे

घाई असेल त्या दिवशी ही पायरी करू नका. मुलं शाळेत गेल्यावर, फोन बाजूला ठेवून, खिडकीपाशी बसा.

पातं दोन वायसरच्या मध्ये धरून बोल्ट घाला आणि नट घट्ट करा. बोल्टच्या उरलेल्या लांबीवर चिकटपट्टी गुंडाळा, ती तुमची मूठ झाली. बोल्टचं डोकं खालच्या बाजूला राहील.

पात्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी उतार असतो. तो फार अरुंद, जेमतेम मिलिमीटरभर. आपल्याला फक्त तेवढाच भाग कागदावर टेकवायचा आहे. तो टेकला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून मार्कर. उतारावर सगळीकडे मार्कर फिरवा. त्याच मार्करने पात्याच्या सपाट भागावर मध्यापासून रेघा मारून आठ सारखे भाग करा.

टाइल टेबलाच्या काठाशी ठेवा. १५०० चा कागद ओला करून टाइलवर काठापर्यंत चिकटवा. आता पातं असं धरा की त्याची पलीकडची कड कागदावर टेकेल आणि मधला बोल्ट टाइलच्या काठाबाहेर, तुमच्याकडे राहील. तसं नाही केलं तर बोल्टचं डोकं टाइलला अडतं आणि कोन बिघडतो. मूठ किंचित पलीकडे कलवा आणि पातं हलक्या हाताने स्वतःकडे ओढा. ओढ एक-दीड सेंटिमीटरचीच. उचला, परत पुढे ठेवा, ओढा. कड पुढे ढकलू नका, ती कागदात रुतते, कागद फाटतो आणि धारही बसते.

दोन-तीन ओढींनंतर उतार बघा. मार्कर अगदी टोकाला पुसला असेल तर मूठ जास्त कलली आहे. आतल्या बाजूला, मध्याकडे पुसला असेल तर कमी कलली आहे. उतारभर सारखा पुसला की तो कोन हाताला लक्षात राहू द्या. या एका गोष्टीला वेळ द्या, बाकी सगळं सोपं आहे.

मग आठही भागांना सारख्या ओढी द्या, प्रत्येकी चार-पाच. मोजून. एका भागाला जास्त घासलं तर पातं गोल राहत नाही, आणि वाकडं गोल असलेलं पातं कितीही तीक्ष्ण असलं तरी कापड उड्या मारत कापतं. नट सोडवून पातं उलटं करा, दुसऱ्या बाजूने तेवढ्याच ओढी द्या. मध्येमध्ये कागदावर पाण्याचे थेंब सोडत राहा, काळा गाळ पुसत राहा.

आता कापसाचा विरळ पुंजका घेऊन पात्याच्या मध्याकडून कडेबाहेर हलकेच न्या. जिथे तंतू अडकतील तिथे कडेवर मुडपलेला बारीक कंगोरा आहे. मशीन शॉपमध्ये त्याला बर म्हणतात. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला बर येणं ही चांगली खूण आहे, तुम्ही कडेपर्यंत पोचलात. बोटाने मात्र तपासू नका.

मग २००० च्या कागदावर हेच सगळं पुन्हा, पण निम्म्या ओढी आणि आणखी हलका हात.

बाजारात प्लॅस्टिकचे तयार शार्पनरही मिळतात. पातं आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि फिरवायचं. नवख्यांसाठी ते सुरक्षित आहेत हे मान्य. पण त्यातला कोन ठरलेला असतो, तुमच्या पात्याच्या उताराशी तो जुळेलच असं नाही. घेतलात तर सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा एकही जास्त मारू नका, आणि पातं न विसरता दोन्ही बाजूंनी करा.

आणि गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे हे पातं देऊ नका. कात्री, सुरी, विळी त्याच्याकडेच द्यावी, त्याच्या हाताला तोड नाही. पण आपलं पातं मिलिमीटरचा तिसरा हिस्सा जाडीचं. फिरत्या चाकावर ते क्षणात तापतं, कड निळी पडते, आणि निळ्या पडलेल्या पोलादाचा कडकपणा गेलेला असतो. अशी धार दिसायला येते आणि दोन पट्ट्यांत जाते.

७. चामड्यावर शेवटचा हात

चामड्याचा तुकडा फळीवर काठापर्यंत चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा. वर हिरवी वडी पातळ घासा. पातं त्याच बोल्टवर, त्याच कोनात, तसंच स्वतःकडे ओढायचं. जोर अजिबात नाही, पात्याचं स्वतःचं वजन पुरे. प्रत्येक भागाला सात-आठ ओढी, मग दुसरी बाजू. कापूस पुन्हा फिरवून बघा. एकही तंतू अडकला नाही की झालं.

खरं तर धार नुकतीच मंदावली असेल तेव्हा वॉटर पेपरपर्यंत जायचं कारणच नाही. पुसणं आणि चामडं एवढ्यावर पातं बराच काळ चालतं. पोलादही कमी होत नाही. फळी तयार करून शिलाई मशीनच्या खणात ठेवून द्या.

८. जोडा आणि आधी चिंधी कापा

पातं धुऊन, पूर्ण कोरडं करून, तेलाचा थेंब देऊन फोटोप्रमाणे जोडा. पहिल्या काही पट्ट्या टाकाऊ कापडाच्या कापा, कारण कडेवर राहिलेली काळी पूड पांढऱ्या कापडावर डाग पाडते आणि तो डाग सहजी जात नाही.

नवं पातं घालत असाल तर एक बघा. पाकिटातली पाती तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि एकाऐवजी दोन बसवली जातात. मग कटर चालत नाही आणि कारण सापडत नाही.

घरी धार लावलेल्या पात्याकडून किती अपेक्षा ठेवायची? ते नव्याच्या जवळ जातं, नव्याएवढं क्वचितच होतं. मी नवं पातं नक्षीच्या ठिगळांसाठी ठेवते आणि धार लावलेलं साड्यांच्या पट्ट्या काढायला, आतलं अस्तर छाटायला वापरते. ज्यांच्याकडे दोन कटर आहेत त्यांनी असंच करावं. कागद किंवा कार्डशीट कापायला तिसरं, पार जुनं पातं ठेवा आणि त्यावर मार्करने ठिपका करा. कागद कापलेल्या पात्याने कापड कापायचं नाही.

९. धार कशाने जाते

बाहेरच्या माहितीत नव्या कोऱ्या कापडाचा विचार असतो. आपली वाकळ जुन्या लुगड्यांची, साड्यांची, धोतरांची, आणि त्या कापडात काय लपलेलं असेल सांगता येत नाही. फॉलमध्ये अडकलेली टाचणी, पदराला राहिलेली सेफ्टी पिन, ब्लाउजचा हुक, टिकल्या, मणी. यातलं काहीही एकदा पात्याखाली आलं की खाच पडलीच. कापायला घेण्याआधी कापड उजेडासमोर धरा, हात फिरवा, फॉल उसवून टाका. त्यावरून लोहचुंबक फिरवा, टाचण्या आणि लोखंडी हुक आपोआप वर येतात. पितळी हुक येत नाहीत, ते हातानेच शोधावे लागतात. जरीचा काठ तर कात्रीनेच वेगळा करा. जरीची तार धारेला फार लवकर खाते.

लोखंडी फूटपट्टीच्या कडेने कटर चालवणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती आजच बंद करा. पातं पट्टीला एकदा घासलं तरी कड बसते. जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी घ्या आणि पातं तिच्यावर रेलू देऊ नका. कटर करवतीसारखा मागे-पुढे करू नका, शरीरापासून दूर, एका दिशेने, एका दमात. मॅटवर एकाच रेघेवर रोज कापू नका, अधूनमधून मॅट फिरवा. चरांत अडकलेले तंतू मऊ ब्रशने आणि कोमट पाण्याने काढा. मॅट गच्चीवर उन्हात वाळवू नका, तिच्यावर गरम इस्त्री ठेवू नका. एकदा वाकली की ती सहसा सपाट होत नाही.

कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की हवेतल्या ओलीनेच पाती गंजायला लागतात. जून ते सप्टेंबर कटर उघडा पडू देऊ नका. काम संपलं की पुसा, तेलाचं बोट फिरवा, डबीत ठेवा, आणि डबीत चपला-बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाका. हाताच्या घामानेही गंज धरतो, म्हणून पात्याच्या कडेला हात लावू नये, याला कापण्याशिवाय हेही एक कारण आहे.

१०. जखम झाली तर, आणि पातं संपलं तर

कटर हातातून निसटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. प्रत्येक कापानंतर झाकण बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, दोन सेकंदांत पुढचा काप घ्यायचा असला तरी. जखम खोल असेल, रक्त दाबूनही थांबत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

निकामी पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. पिशव्या उचलणाऱ्यांच्या, वेगळं करणाऱ्यांच्या हाताला ती लागतात. घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा यासाठी ठेवा, त्याच्या झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडून घ्या आणि त्यात पाती साठवा. भरला की चीर आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा, मोठ्या अक्षरात ‘धारदार पाती’ लिहा आणि भंगारवाल्याला किंवा कचऱ्याच्या गाडीवर देताना आत काय आहे ते तोंडानेही सांगा.